बेसॉल्टची भुकटी सिमेंटच्या जागी: किती आणि कशी

क्रशरवर काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट, फोडताना निघणारी पिठासारखी भुकटी बहुधा आवाराच्या कडेला ढिगाने पडून असते. एक टन क्लिंकर (दळून ज्याचे सिमेंट होते ते भाजलेले खडे) भाजताना केवळ चुनखडीतूनच सुमारे अर्धा टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, त्यामुळे थोडे सिमेंट वाचवून ही भुकटी वापरावी हा विचार रास्तच आहे. मात्र ती वीजकेंद्रातील कोळशाच्या बारीक राखेप्रमाणे, म्हणजे फ्लाय अ‍ॅशप्रमाणे सिमेंटमधून सुटणाऱ्या चुन्याशी फारशी संयोग पावत नाही, तर मुख्यतः कणांमधील पोकळ्या भरते, आणि म्हणूनच तिचे प्रमाण बेताचे ठेवावे लागते.

सर्वाधिक काळजी भुकटी निवडताना घ्यावी. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये जागोजागी तांबडा मातकट पट्टा असतो. तो दगडाबरोबर क्रशरमध्ये गेला की भुकटीत चिकणमाती येते, ती पाणी शोषून फुगते आणि काँक्रीट तडकते. ओली भुकटी चिमटीत चोळून पाहावी: ती खरखरीत लागली तर ठीक, साबणासारखी बुळबुळीत लागली किंवा बोटांना तांबूस रंग राहिला तर तो ढीग सोडून द्यावा. शंका असल्यास प्रयोगशाळेत चिकणमाती ओळखणारी मिथिलीन ब्ल्यू चाचणी करून घ्यावी. निवडलेली भुकटी पूर्ण वाळवून ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळावी, आणि चाळताना मास्क लावावा.

सुरुवात वजनाने ८ टक्क्यांपासून करावी, म्हणजे ५० किलोच्या गोणीमागे ४६ किलो सिमेंट आणि ४ किलो भुकटी. सिमेंट ओपीसीच (साधे पोर्टलँड सिमेंट) घ्यावे, कारण पीपीसीमध्ये (पोर्टलँड पॉझोलाना सिमेंट) कारखान्यातच १५ ते ३५ टक्के फ्लाय अ‍ॅश मिसळलेली असते. दोन्ही कोरडे असतानाच रंग एकसारखा दिसेपर्यंत कालवावे. माल घट्ट वाटेल, तेव्हा गवंडी हमखास पाण्याची बादली उचलतो. त्याला थांबवून प्लास्टिसायझर (पाणी न वाढवता माल सैल करणारे रसायन) वापरावे, नाहीतर पोकळ्या भरून मिळवलेले सारे त्या बादलीत वाहून जाते.

भुकटीचे आणि बिनभुकटीचे १५० मिलिमीटरचे क्यूब (ताकद तपासायचे ठोकळे) एकाच दिवशी भरून ७ व्या आणि २८ व्या दिवशी प्रत्येकी तीन फोडावेत. तुलनेत ताकद टिकली तरच १० टक्क्यांकडे जावे. पेव्हर ब्लॉक, कुंपणाच्या भिंतीखालचे पीसीसी (बिनसळईचे काँक्रीट) अशा कामांना हे मिश्रण चालते. स्लॅब आणि कॉलमसाठी ते वापरू नये, कारण आयएस ४५६ (काँक्रीटचे भारतीय मानक) मधील किमान सिमेंटच्या हिशेबात ही भुकटी धरता येत नाही.