गणपतीपुळ्याला निघालाय? समुद्रात उतरायचं कसं, ते आधी बघा

गाडीची हवा, पाकीट, रूमचं बुकिंग हे सांगत बसत नाही. आंबा घाट उजेडात उतरा. रत्नागिरीत रिक्षाचं भाडं बसायच्या आधी ठरवा. शहरापुरतं एवढं बास.

खरा घोळ पाण्यात होतो. पंचगंगेत किंवा मळ्यातल्या विहिरीत पोहायला शिकलेला आपला गडी समुद्र दिसला की आधी शर्ट काढतो. ‘पोहता येतंय की, काय होतंय!’ असं म्हणणाऱ्याला गाडीतच बसवा. विहिरीला ओढ नसते, समुद्राला असते. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा आणि 43 वर धोका, हे कोल्हापुरात पोरासोरांना पाठ असतं. समुद्राची पातळी बघायला मात्र कुणी थांबत नाही.

ती बघायला भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. त्या दिवशीच्या तिथीला पाऊणनं गुणा, म्हणजे पूर्ण भरतीची ढोबळ वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि नऊच्या सुमाराला ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं. अर्धा-पाऊण तास इकडंतिकडं होतो, तो धरून चाला. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि तितक्याच जोरानं उतरतं.

आता संकष्टीचा दिवस घ्या. सकाळी कोल्हापूर सोडायचं, दर्शन, जेवण, थोडी झोप, आणि चार-साडेचारला सगळं कुटुंब पाण्यात. नेमकी तेव्हा ओहोटी लागलेली असते. पाणी उतरायला लागलं की बाहेर या, हा माझा नियम आहे आणि त्यात मी कुणाचं ऐकत नाही. गुडघाभर पाण्यात काही होत नाही, हेही खोटं. लाट मागं फिरताना टाचेखालची वाळू सरकते, पाय खड्ड्यात जातो, आणि तेवढ्यात दुसरी लाट येऊन पाडते. लहान पोराचा हात मनगटाला धरा, बोटं निसटतात.

सगळ्यात अवघड काम म्हणजे ओढीची जागा ओळखणं. मलाही ती बरेच दिवस दिसायची नाही. किनाऱ्यावर दहा मिनिटं नुसतं उभं राहा. दोन्ही बाजूंना लाटा फुटून पांढरा फेस होतोय आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटतच नाही, पाणी गडद किंवा गढूळ आहे, फेस आत जायच्या दिशेनं सरकतोय, तर तीच ती जागा. लाटांनी आणलेलं पाणी तिथून परत जातं. दिसायला सगळ्यात शांत, म्हणून बायकापोरांना घेऊन लोक नेमके तिथंच उतरतात. दिसेना तर शहाळेवाल्याला विचारा, आणि तो नको म्हणाला तर वाद घालू नका.

सापडलाच, तर किनाऱ्याकडं तोंड करून हात मारू नका. त्या ओढीपुढं पट्टीचा पोहणाराही दमतो, आणि दमलेला माणूस बुडतो. पाठीवर तरंगा, हात वर करून ओरडा. ओढ तुम्हाला खाली खेचत नाही, आत नेते. दम असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहा; लाटा फुटताना दिसल्या की त्यांच्याबरोबर बाहेर या.

किनाऱ्यावरच्यांनी पाण्यात उडी टाकायची नाही. भाऊ बुडतोय म्हणून भाऊ उतरतो आणि घरातले दोन जातात. रिकामा कॅन, ट्यूब, दोरी, जे हाताला लागेल ते फेका, जीवरक्षकाला बोलवा, 112 लावा. तटरक्षक दलाचा नंबर 1554.

दारू पिऊन पाण्यात नाही. अंधार पडल्यावर नाही. पावसाळ्यात तर पाय भिजवण्यापुरतंही पुढं जाऊ नका.

आणि गाडी वाळूवर नेऊ नका. रीलसाठी ओल्या वाळूत घातलेली एम एच 09 भरतीच्या आत निघाली नाही, की इंजिनात खारं पाणी जातं आणि ट्रॅक्टरवाला मागेल ते द्यावं लागतं.