क्रूझवरची मस्टर ड्रिल आणि लहान मुलं: या चुका टाळा

जहाजावर चढल्या चढल्या मुलांना दोनच गोष्टी दिसतात, पूल आणि आइस्क्रीमचं मशीन. मोठ्यांना बुफे दिसतो. मग क्रूझ मुंबईहून गोव्याला निघालेली असो की सिंगापूरहून, मस्टर ड्रिल, म्हणजे संकटात कुठे जमायचं आणि काय करायचं याची तालीम, सगळ्यांनाच मध्ये कडमडल्यासारखी वाटते. ती चुकवता तर येत नाहीच, वर मुलं सोबत असली की घोळ व्हायच्या जागाही ठरलेल्या असतात.

"आधी जेवून घेऊ, मग बघू"

13 जानेवारी 2012 च्या रात्री ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज इटलीच्या जिलिओ बेटाजवळ खडकावर आपटलं. 32 माणसं गेली. त्याच संध्याकाळी चिविटावेक्किया बंदरात चढलेल्या शेकडो प्रवाशांची ड्रिल दुसऱ्या दिवशी ठेवलेली होती, आणि ते नियमात बसत होतं, कारण तेव्हा 24 तासांची मुभा होती. 1 जानेवारी 2015 पासून ती मुभा संपली. आता जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल व्हावीच लागते.

रॉयल कॅरेबियनने 2020 मध्ये जाहीर केलेली नवी पद्धत आता बऱ्याच जहाजांवर दिसते. अ‍ॅपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडिओ बघायचा, मग आपल्या मस्टर स्टेशनवर (संकटात जमायच्या जागी) जाऊन कार्ड स्कॅन करून घ्यायचं. मुलं असलेल्यांसाठी हे फार सोयीचं आहे, पण जहाजावर पोचताच केलं तरच. शेवटच्या तासाला तिथे रांग लागते आणि तोवर मूल झोपेला आलेलं असतं.

काही जहाजांवर अजूनही सगळ्यांना एकाच वेळी जमवतात. तिथे जाण्याआधी मुलांची शू-शी आणि खाणं आटपून घ्या. बाबागाडी केबिनमध्येच ठेवा, बाळाला कॅरिअरमध्ये घ्या. खऱ्या प्रसंगी लिफ्ट वापरायची नसते, त्यामुळे ड्रिललाही जिन्यानेच गेलेलं बरं. तीन-चार वर्षांच्या मुलाला किती मजले चढवतात, कुठे उचलून घ्यावं लागतं, हे तेव्हाच कळतं.

बाळ झोपलंय म्हणून आजीला केबिनमध्ये ठेवणं

आपल्याकडे हा हमखास निघणारा तोडगा. चालत नाही. हजेरी प्रत्येकाची असते, कडेवरच्या बाळाचीसुद्धा. कोणी राहिलं की नाव पुकारलं जातं किंवा केबिनमधला फोन वाजतो, आणि बाळ उठायचं ते उठतंच.

दुसरी गोष्ट इथेच बघून घ्या. स्टेशन सहसा केबिननुसार ठरतं. आजी-आजोबांची केबिन वेगळी असेल तर त्यांच्या कार्डवर वेगळं अक्षर किंवा आकडा असू शकतो. नातवंडांपैकी एखादं त्यांच्या केबिनमध्ये झोपणार असेल, तर अलार्म झाल्यावर ते कोणाबरोबर कुठे जाणार, हे पहिल्याच दिवशी रिसेप्शनवर विचारून घ्या.

किड्स क्लबमध्ये न विचारता मूल सोडणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडू शकणारी चूक ही. नोंदणी करताना आईबाबा खाणं, अ‍ॅलर्जी, न्यायची वेळ, सगळं विचारतात. मुख्य प्रश्न राहून जातो: "मुलं तुमच्याकडे असताना अलार्म वाजला तर आम्ही यायचं, की तुम्ही आणणार?"

उत्तर प्रत्येक जहाजावर सारखं नसतं. काही ठिकाणी क्लबचा स्टाफ मुलांना थेट कुटुंबाच्या स्टेशनवर पोचवतो, काही ठिकाणी ठरलेल्या जागी थांबवतो. हे माहीत नसलं की बाबा खालून वर पळतात, सगळी गर्दी वरून खाली येत असते, आणि मूल तोवर तिसरीकडेच पोचलेलं असतं. मुलांच्या मनगटावर स्टेशनचं अक्षर असलेला पट्टा बांधतात तो याचसाठी. पूलमध्ये भिजला, टोचतो म्हणून मूल तो ओढून काढतं. हवा तर सैल करा, पण राहू द्या.

मोठ्यांचं जॅकेट मुलाला "तात्पुरतं" चढवणं

कपाटातली लाइफ जॅकेट बहुधा मोठ्यांची असतात. आंतरराष्ट्रीय नियमांत माप वजनावर आहे: 15 किलोच्या आतलं बाळ, 15 ते 43 किलोचं मूल, त्यापुढे मोठं माणूस. मोठ्यांचं जॅकेट चार वर्षांच्या मुलाला घातलं की ते कानापर्यंत वर येतं, आणि पाण्यात तर डोक्यावरून निसटूनही जाऊ शकतं. लहान मापाचं कुठे मिळेल, केबिनमध्ये की स्टेशनवर, हे केबिन स्टुअर्डला विचारा. पूलमध्ये दंडावर घालतात ते फुगवायचे पट्टे हा पर्याय नव्हे. आणि हो, जॅकेटला शिट्टी असते. मुलाला ती सापडायच्या आत तुम्हाला सापडू दे.

भोंग्याची कल्पना न देणं

सात छोटे आवाज आणि एक लांब, असा तो इशारा असतो. अचानक वाजला तर मोठेही दचकतात. आदल्या दिवशी घरी तोंडाने वाजवून दाखवा, मुलांना मजा येते. "जहाज बुडालं तर" अशी सुरुवात मात्र करू नका. शाळेत आगीची ड्रिल होते तशी ही, एवढं पुरे. आवाज सहन न होणारं मूल असेल तर क्रूला आधी सांगा, स्पीकरपासून लांबची जागा मागा, कानावर लावायचे मफ जवळ ठेवा.

पुढे एखाद्या बंदरात जहाज उभं असताना भोंगा पुन्हा वाजेल. ती क्रूची स्वतःची ड्रिल असते, आधी तशी घोषणा होते. ती ऐकून मुलांना लगेच सांगा, नाहीतर पोरं पूलमधून ओल्या अंगाने स्टेशनकडे धावतील.