जुन्या जॅझ रेकॉर्डचं पुनर्प्रकाशन: आधी वेग, मग सफाई

जॅझमध्ये समीक्षक आणि निर्माता ही दोन्ही कामं अनेकदा एकाच माणसाने केली आहेत, आणि जुन्या रेकॉर्ड पुन्हा काढताना तर ती वेगळी करताच येत नाहीत. पुढे निर्माते झालेले जॉर्ज अवाकियन यांना १९४० साली, विद्यार्थी असतानाच, कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीच्या साठ्यात ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगचे अप्रकाशित टेक (एकाच धूनच्या रेकॉर्डिंगच्या वेगवेगळ्या खेपा) सापडले. काय आधीच निघालंय हे ठाऊक असल्याशिवाय असा शोध लागत नाही.

म्हणून सुरुवात क्रमांकांपासून. लेबलवरचा कॅटलॉग क्रमांक विक्रीसाठी असतो. खरी ओळख मॅट्रिक्स क्रमांकाची, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगला दिलेल्या क्रमांकाची. तो बहुधा लेबलभोवतीच्या कोऱ्या पट्ट्यात उमटलेला असतो, सोबत टेकचा आकडा. एकाच कॅटलॉग क्रमांकाखाली दोन वेगळे टेक विकले गेल्याचीही उदाहरणं आहेत. तारखाही तपासा. १ ऑगस्ट १९४२ पासून अमेरिकेतल्या वादक संघटनेची रेकॉर्डिंगबंदी होती. व्हिक्टर आणि कोलंबियाशी तडजोड झाली ती नोव्हेंबर १९४४ मध्ये. या कंपन्यांच्या बँडच्या रेकॉर्डवर कुणी ‘१९४३’ सांगितलं, तर शंका घ्या.

धुताना अल्कोहोल नको, जुन्या रेकॉर्ड ज्या लाखेच्या (शेलॅक) असतात ती विरघळते. डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, आणि लेबल कोरडं.

एलपीची सुई साधारण २५ मायक्रॉनची, ७८ आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या रेकॉर्डला सुमारे ७५ लागते. बारीक सुई खाचेच्या तळाशी जाऊन तिथला कचराच वाजवते. दोन-तीन मापं वापरून पाहा: झिजलेल्या खाचेचा एखादा शाबूत पट्टा वेगळ्या मापाला सापडतो. स्टिरिओ कार्ट्रिजचे दोन्ही चॅनेल एकत्र केले की उभ्या हालचालीची खरखर बरीच जाते.

आता वेग. इथेच सर्वाधिक चुका होतात. ‘७८’ हा आकडा नाममात्र, प्रत्यक्षात रेकॉर्डिंग ७६ ला झालेलं असू शकतं, ८० लाही. सुमारे साडेचार फेऱ्यांचा फरक म्हणजे अख्खा अर्धा सूर. ब्रासवाल्यांना बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ या पट्ट्या सोयीच्या; धून बी मेजरमध्ये निघाली तर वेग बहुधा चुकलाय. त्याहून पक्का पुरावा वाद्याच्या मर्यादेत मिळतो. बी फ्लॅट क्लॅरिनेट डी च्या खाली उतरत नाही; डी फ्लॅट ऐकू आला तर रेकॉर्ड हळू फिरतेय. उलट, जास्त वेगात व्हायब्रेटो बोकडासारखं थरथरतं. टेपच्या काळातही हे सुटलं नाही: ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या अल्बमची पहिली बाजू किंचित चढ्या सुरात विकली जात होती, दुरुस्त आवृत्ती आली १९९२ साली.

वेग ठरला की २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर डिजिटल ट्रान्सफर करा आणि ही मूळ फाइल अस्पर्श ठेवा. १९५४ च्या आरआयएए वक्राने (खर्ज-तारेचा तोल ठरवणाऱ्या नंतरच्या प्रमाणित मापाने) ७८ वाजवल्या तर खर्ज-तार बिघडतात. हा तोल (इक्वलायझेशन) त्या-त्या कंपनीच्या काळाप्रमाणे लावा. टिकटिक हाताने काढा. सरसकट नॉइज रिडक्शनने सर्वात आधी मरतात झांजा आणि ब्रशचे फटकारे. थोडी खरखर राहिलेली परवडते.

हक्कांचा नियम देशागणिक बदलतो. अमेरिकेत १९२३ ते १९४६ दरम्यान प्रकाशित रेकॉर्डिंगला १०० वर्षांचं संरक्षण आहे.

शेवटी टिपण: वादक, तारीख, मॅट्रिक्स, टेक, ठरवलेला वेग. शेवटचे चार बार (तालाचे भाग) दुसऱ्या प्रतीवरून जोडले असतील तर ते कोणत्या सेकंदाला, तेही छापा.