कुलूप लावलेली लिस्प फाइल आणि ‘तेवढी एक ओळ’

तुम्हाला थोडंफार लिस्प, म्हणजे ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये छोटे प्रोग्राम लिहायची भाषा, येतं हे ऑफिसात एकदा कळलं, की कुलूप लावलेली फाइल फिरत फिरत तुमच्या टेबलावर येतेच. माझ्याकडे आली तेव्हा नोकरीला जेमतेम आठ महिने झाले होते. दारं-खिडक्यांचं शेड्यूल, म्हणजे तक्ता, बनवणारं एक रूटीन (असा छोटा प्रोग्राम) आम्ही वर्षभराच्या परवान्यावर घेतलं होतं. एका सकाळी ते चालेना, मुदत संपल्याचं सांगून थांबलं. सर म्हणाले, “आत तारीख तपासणारी ओळ असेल बघ. तेवढी काढून टाक.”

मला ते आव्हान वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा मानही.

नव्यांसाठी आधी थोडं. ऑटोकॅडमध्ये लिस्प १९८६ पासून आहे. साधी एलएसपी फाइल नोटपॅडमध्ये उघडते, वाचता येते, बदलताही येते. आपला कोड कोणी वाचू नये असं वाटलं तर लिहिणारा तो कंपाइल करून एफएएस बनवतो, किंवा कोड आणि डायलॉग बॉक्सच्या फाइली मिळून एकच व्हीएलएक्स बांधतो. त्याहूनही जुन्या काळातल्या काही एलएसपी फाइलींच्या पहिल्या ओळीत ‘प्रोटेक्टेड लिस्प फाइल’ असं लिहिलेलं दिसतं आणि पुढे नुसती अगम्य चिन्हं. ही कुलपं फार पक्की नाहीत, आणि ती उघडून देणारी साधनं शोधायला कष्टही पडत नाहीत. सगळा मोह तिथूनच सुरू होतो.

मी असंच एक साधन उतरवलं. सोबतच्या सूचनेत पहिलीच पायरी होती, सिक्युअरलोड शून्य करा. केलं. या सेटिंगचं काम काय, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. ऑटोकॅड २०१४ पासून ते आहे. एक असेल तर विश्वासातल्या फोल्डरबाहेरचा कोड चालवण्याआधी ऑटोकॅड विचारतं, दोन असेल तर चालवतच नाही, आणि शून्य असेल तर काही न विचारता चालवतं. म्हणजे राखणदाराला घरी पाठवून मी अनोळखी माणसाला आत घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरून हाक आली, “अरे, माझं माउसचं चाक दाबून पॅन का होत नाहीये?” म्हणजे ड्रॉइंग सरकतच नव्हतं. मग कोणाची एक्सप्लोड ही कमांड चालेना. दुपारपर्यंत लक्षात आलं की प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगच्या शेजारी एक एसीएडीडॉक डॉट एलएसपी येऊन बसली आहे, सगळीकडे सारख्याच आकाराची. या नावाची फाइल ऑटोकॅड प्रत्येक ड्रॉइंग उघडताना आपणहून लोड करतं, आणि ड्रॉइंगवर डबल क्लिक केलं की ती त्या ड्रॉइंगच्याच फोल्डरमध्येही शोधतं. त्यामुळे ही कीड फोल्डर झिप करून पाठवला तरी सोबत जाते. आमच्याकडूनही गेली होती. सगळ्या मशिनींवर ऑटोकॅड बंद ठेवून नेटवर्क ड्राइव्ह साफ करण्यात दोन दिवस गेले. त्याहून जड गेले ते तीन क्लायंटना केलेले फोन.

आम्ही स्वस्तात सुटलो म्हणायचं. २०१२ साली ईसेट या अँटिव्हायरस कंपनीने ‘मेड्रे’ नावाचा असाच एक किडा शोधून काढला. तो लिस्पमध्येच लिहिलेला होता आणि उघडलेली ड्रॉइंग्ज ईमेलने चीनमधल्या खात्यांवर पाठवून द्यायचा. सगळ्यात जास्त फटका पेरूला बसला. गंमत म्हणजे तो यायचा एफएएसच्या रूपात, म्हणजे कुलूप लावूनच.

तारखेची ओळ राहिलीच. मी रूटीनच्या लेखकाला ईमेल केला. हा एकटाच माणूस निघाला, दिवसभर आमच्यासारखंच ड्राफ्टिंग करून रात्री कोड लिहिणारा. पैसे येईपर्यंत चालवा म्हणून त्याने पंधरा दिवसांची मुदत दिली, वर शेड्यूलमधली एक जुनी चूकही दुरुस्त करून पाठवली. सरांनी त्याच आठवड्यात नूतनीकरण केलं. त्या ‘एका ओळी’तून या माणसाचा महिन्याचा खर्च निघत होता, हे आमच्यापैकी कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

कायदा देशागणिक बदलतो. युरोपीय संघाचा २००९ चा निर्देश एका प्रोग्रामचा दुसऱ्याशी मेळ घालण्यापुरती, अटींसह, कोड उलगडायची मुभा देतो. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्येही त्या धर्तीची सवलत आहे. पण २०१२ च्या दुरुस्तीने त्याच कायद्यात कलम ६५अ आलं, आणि हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुदतीची तारीख उडवणं हे काही ‘मेळ घालणं’ नव्हे.

मग कधीच उघडू नये का? आमच्याच एका सहकाऱ्याने पगारात असताना लिहिलेलं ग्रिड नंबरिंगचं रूटीन होतं. तो नोकरी सोडून गेला, मागे राहिली फक्त एफएएस. हक्क ऑफिसचा, त्याचीही हरकत नाही. ईमेलवर तसं लेखी घेतलं आणि उघडलं. नैतिक अडचण नव्हती, पण हाती आलं ते भलतंच. कंपाइल करताना लिहिणाऱ्याने कोडमध्ये घातलेल्या टिपा जातात, चलांची (व्हेरिएबल्सची) नावंही बरीचशी जातात. उरतो तो सांगाडा. त्यात एक तुकडा मला अगदीच निरुपयोगी वाटला, तो मी उडवला. रूटीन छान चाललं.

आठवड्याने एका ज्युनिअरच्या प्लॅनमध्ये हॅच, म्हणजे बंद आकारात भरायची नक्षी, भरेना. झूम करत करत कोपऱ्यावर गेलो, तर दोन रेषांमध्ये केसाएवढी फट. दुसऱ्या कोपऱ्यावर तेच. रूटीन काम करताना ओस्नॅप, म्हणजे बिंदू रेषेच्या टोकाला नेमका चिकटवणारी सोय, बंद करायचं, नाहीतर बिंदू भलत्याच रेषेला चिकटतात. मध्येच एस्केप दाबलं तर ओस्नॅप पुन्हा सुरू करणारा भाग मी उडवलेल्या तुकड्यात होता. पोरगी अर्धा दिवस ओस्नॅपशिवाय काढत बसली होती, आणि शिव्या तिने खाल्ल्या.

शेवटी ते रूटीन मी कोऱ्या ड्रॉइंगवर चालवून पाहिलं, ते काय विचारतं आणि काय काढतं ते वहीत उतरवलं आणि नव्याने लिहिलं. नव्वदेक ओळी, दीड दिवस. उघडण्यात चार दिवस घालवले होते. आता कोणी बंद फाइल घेऊन आलं की मी आधी विचारतो, “तुला हिच्याकडून नेमकं काय काम हवंय?” बहुतेकांना एखादा लेयर किंवा टेक्स्टची उंची बदलायची असते. तेवढं लेखकाला कळवलं तर तो करून देतो, नाहीतर रूटीन चालून झाल्यावर दुसऱ्या चार ओळींनी करता येतं.

आणि ऑफिससाठी स्वतः काही लिहाल तेव्हा एफएएस वाटली तरी मूळ एलएसपी सर्व्हरवर ठेवा, टिपांसकट. माझ्या ग्रिडच्या रूटीनमध्ये एस्केपच्या भागावर मोठ्या अक्षरांत टीप आहे: हा तुकडा उडवू नये.