कार्यालयाच्या दस्तऐवज-संग्रहात शोध कसा घ्यावा आणि निकाल कसे वाचावेत

नागपुरातील अनेक जुन्या शिक्षणसंस्था, सहकारी संस्था आणि कार्यालये यांच्या फायली आता स्कॅन होऊन अंतर्गत संग्रहात आल्या आहेत आणि कोणताही कागद हवा असला की शोध-चौकटीत शब्द टाकायचा, ही सवय सर्वांना लागली आहे. सोय मोठी आहे. परंतु चौकटीने ‘शून्य निकाल’ दाखवताच टिपणीत ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असा शेरा मारला जातो, तेव्हा एखाद्याच्या सेवाकाळाचा किंवा जागेच्या हक्काचा पुरावा कपाटात असूनही नाहीसा होतो. म्हणून शोध नीट घेणे हे जबाबदारीचे काम आहे, असे मी मानतो.

संगणक आपण शब्द टाकल्यावर फायली वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी शब्दसूची त्याने आधीच तयार केलेली असते आणि तो फक्त त्या सूचीत पाहतो. शब्द सूचीत गेलाच नसेल, वेगळ्या रूपात गेला असेल किंवा ती फाइल पाहण्याची परवानगी आपल्या लॉगिनला नसेल, तर या तिन्ही वेळी पडद्यावर एकच उत्तर येते: काही सापडले नाही.

शोध सुरू करण्यापूर्वी हवा असलेला कागद कोणी, कोणाला, कोणत्या काळात आणि कोणत्या भाषेत लिहिला असेल, हे कागदावर मांडावे. समजा, सिव्हिल लाइन्समधील एका संस्थेला आपल्या नझूल, म्हणजे सरकारी मालकीच्या, जागेच्या भाडेपट्ट्याच्या नूतनीकरणाचा जुना पत्रव्यवहार हवा आहे. येथे नागपूरचा इतिहास थेट कामाला येतो. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्यप्रदेशाची राजधानी होती, त्यानंतर १ मे १९६० पर्यंत विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात होता, आणि महाराष्ट्र राज्य त्यानंतरचे. त्यामुळे ‘महाराष्ट्र शासन’ हे शब्द घालून शोधले, तर १९५५ चे पत्र निकालात येणारच नाही. शिवाय ते पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत असण्याचा संभव मोठा आहे, म्हणून ‘नझूल’ हा शब्द रोमन लिपीतही टाकून पाहावा.

पुढची पायरी शब्दरूपांची आहे आणि मराठी शोध बहुतेक वेळा येथेच फसतो. आपण ‘नझूल’ लिहितो, तर दुसरा लिपिक ‘नजूल’ लिहितो. आपण ‘नागपूर’ शोधतो, पण कागदात ‘नागपुरातील’ असते आणि हिंदी पत्रात ‘नागपुर’. विभक्ती लागली की मधला दीर्घ स्वर ऱ्हस्व होतो, आणि मराठीचे हे वळण ज्या प्रणालीला शिकवलेले नाही तिच्यासाठी ‘जमीन’ आणि ‘जमिनीचा’ हे दोन अनोळखी शब्द आहेत. तारांकनाची सोय, म्हणजे शब्दभागापुढे * दिल्यास त्याने सुरू होणारे सर्व शब्द शोधण्याची सोय, असल्यास शब्दाचा न बदलणारा भाग देऊन पुढे तारांकन द्यावे. ‘नागप*’ दिल्यास तिन्ही रूपे एकदम येतात आणि ‘भाडेपट्ट*’ दिल्यास ‘भाडेपट्टा’ व ‘भाडेपट्ट्याचे’ दोन्ही येतात. मात्र ‘जम*’ देऊ नये, कारण मग जमाखर्चाचे सगळे कागद अंगावर येतात. तेथे ‘जमीन*’ आणि ‘जमिनी*’ असे दोन शोध घ्यावेत.

‘जिल्हाधिकाऱ्यांनी’ या शब्दातील ‘ऱ्या’ वेगवेगळ्या कळफलकांवर दोन निरनिराळ्या पद्धतींनी उमटतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात, संगणकाला मात्र नाही, म्हणून ‘जिल्हाधिका*’ एवढ्यावर थांबावे. आकड्यांचेही तसेच आहे. खसरा क्रमांक, म्हणजे जमिनीच्या तुकड्याचा नोंद क्रमांक, देवनागरी आणि इंग्रजी अशा दोन्ही अंकांत शोधावा, कारण संगणकासाठी ती वेगवेगळी चिन्हे आहेत. १९६२ च्या लेखननियमांपूर्वीच्या कागदांत ‘नाहीं’, ‘करूं’ असे अनुस्वार भेटतात, हेही लक्षात ठेवावे.

यानंतर, आपल्याला हवा तो काळ सूचीत खरोखर आला आहे का, हे तपासावे. त्या काळातील एखादी फाइल उघडून त्यातील एक ओळ निवडावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवावी. ओळ निवडताच आली नाही, तर ते केवळ चित्र आहे आणि त्यावर अक्षर-ओळख, म्हणजे ओसीआर, झालेली नाही. चिकटवल्यावर मराठीऐवजी रोमन अक्षरांची अर्थहीन रांग उमटली, तर मजकूर कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलेला आहे. त्यात पडद्यावर मराठी दिसते, पण साठवलेली अक्षरे रोमन असतात, आणि युनिकोड या आजच्या प्रमाण अक्षर-संकेतातला आपला ‘नझूल’ त्यांना कधीच जुळणार नाही. हस्ताक्षरातील टिपण्यांच्या बाबतीत तर अक्षर-ओळखीवर विसंबूच नये. या तपासणीला पाच मिनिटे पुरतात, आणि माझ्या मते संपूर्ण शोधातील सर्वांत मोलाची पायरी हीच आहे.

निकाल फार आले तर ते कमी करण्याचे मार्ग सोपे आहेत: सलग शब्दसमूह अवतरणचिन्हांत द्यावा, नको असलेला शब्द वगळावा, विभाग निवडावा. फक्त तारखेची चाळणी जपून लावावी. पुष्कळ संग्रहांत दिसणारी तारीख फाइल संग्रहात चढवल्याची असते, पत्राची नसते. १९६१ चे पत्र २०१९ मध्ये स्कॅन झाले असेल, तर ते २०१९ खाली बसलेले असते.

आता निकालांकडे वळू. वर आलेला कागद सर्वांत महत्त्वाचा असतो, हा समज सोडावा. क्रम लावताना संगणक साधारणपणे दोन गोष्टी पाहतो: आपला शब्द त्या कागदात किती वेळा आला आणि संपूर्ण संग्रहात तो किती दुर्मीळ आहे. शब्द जितका दुर्मीळ तितके त्याचे वजन अधिक, हा विचार ब्रिटिश संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडला आणि आजही तो शोधयंत्रांच्या पायाशी आहे. या हिशेबात सहीला काहीच किंमत नाही. त्यामुळे ‘भाडेपट्टा’ वीस वेळा लिहिलेला कच्चा मसुदा वर येतो आणि तोच शब्द एकदाच असलेला, जावक क्रमांक पडलेला अंतिम आदेश तिसऱ्या पानावर राहतो. प्रत्येक निकालात जावक क्रमांक, दिनांक आणि स्वाक्षरी पाहून मगच तो कागद ग्राह्य धरावा, आणि नंतरच्या आदेशाने तो रद्द झालेला नाही ना, हेही पाहावे.

निकालाखालच्या दोन ओळींच्या उताऱ्यावर तर मुळीच निर्णय घेऊ नये. उताऱ्यात ‘भाडेपट्ट्याचे नूतनीकरण मंजूर करण्यात’ एवढेच दिसते, आणि कागद उघडल्यावर पुढचे शब्द ‘येऊ शकत नाही’ असे निघतात. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि उतारा नेमका त्याआधी तुटतो.

वर दिसणारी निकालांची संख्याही जशीच्या तशी घेऊ नये. काही प्रणाली ती अंदाजाने दाखवतात, एकाच पत्राच्या चार स्कॅन प्रती चार निकाल म्हणून मोजल्या जातात, आणि परवानग्यांमुळे लिपिकाला व अधीक्षकाला वेगवेगळे आकडे दिसतात. अलीकडे शब्दांऐवजी अर्थाच्या जवळिकीने शोधणाऱ्या प्रणाली येत आहेत. त्या बहुधा रिकाम्या हाताने परतवत नाहीत आणि जवळात जवळचे काहीतरी आणून देतात. तेथे आपला विषय कागदात खरोखर आहे का, हे उघडून पाहणे अधिकच गरजेचे ठरते.

एवढे करूनही शून्यच आले, तर एक उलट चाचणी घ्यावी. त्याच काळातील जो कागद संग्रहात आहे हे आपल्याला नक्की ठाऊक आहे, तो त्यातल्या शब्दांनी शोधावा. तोही सापडला नाही, तर दोष सूचीत आहे आणि आपल्या शून्याला अर्थ नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खालील अर्जाला सर्वसाधारणपणे ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. त्या मुदतीत रेकॉर्ड रूममधला बस्ता, म्हणजे कापडात बांधलेला फायलींचा गठ्ठा, उघडून पाहण्याइतका वेळ निश्चित काढता येतो.

टिपणीत ‘उपलब्ध नाही’ एवढेच न लिहिता शोध कसा घेतला, हे नोंदवावे. उदाहरणार्थ: “नझूल*, नजूल*, भाडेपट्ट*, लीज हे शब्द देवनागरी व रोमन लिपीत, तसेच खसरा क्रमांक दोन्ही अंकांत, सन १९५० ते १९७५ या कालावधीच्या सर्व फोल्डरांत अधीक्षकांच्या लॉगिनवरून शोधले. सन १९६२ पूर्वीच्या स्कॅन प्रतींवर अक्षर-ओळख झालेली नसल्याचे आढळले. सबब, त्या कालावधीचे मूळ बस्ते तपासून अहवाल सादर करण्यात येईल.”