व्हिंटेज-क्लासिक रॅलीत गाडीचं वय कसं तपासायचं: आयोजकांसाठी

रॅलीच्या पत्रकावर ‘फक्त १९७० पर्यंतच्या गाड्या’ एवढंच छापलं, की गेटवरच्या भांडणाची सोय झालीच. १९७० म्हणजे नेमकं काय? गाडी कारखान्यातून बाहेर पडली तो दिवस, कंपनीनं तिला दिलेलं मॉडेलचं वर्ष, की आरटीओत पासिंग झालं ती तारीख? या तीन तारखा वेगळ्या असू शकतात आणि प्रत्येक मालक त्यातली आपल्या सोयीची घेऊन येतो. त्यात त्याचा दोष नाही. आपण नीट विचारलंच नव्हतं.

आधी तारीख कोणती ते ठरवा

फोक्सवॅगन बीटल घ्या. कंपनीचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं. ऑगस्ट १९६४ मध्ये बनलेली बीटल कंपनीच्या हिशेबानं १९६५ ची, आणि त्या वर्षापासून चेसिस नंबरच ते सांगतो: नऊ आकडी नंबरातला तिसरा आकडा ५. अमेरिकन गाड्यांचंही तसंच, पुढच्या वर्षाचं मॉडेल आधीच्या शरद ऋतूत बाजारात यायचं. म्हणजे डिसेंबर १९४७ मध्ये बनलेली गाडी ‘४८ चं मॉडेल’ म्हणून विकली गेली, तर तिचा मालक आणि तुमचा तपासनीस दोघेही खरं बोलत असतात.

पासिंगची तारीख त्याहून फसवी. बोटीनं मुंबईत उतरलेली गाडी शोरूममध्ये वर्षभर पडून राहिलेली असू शकते. संस्थानिकांच्या गाड्यांवर संस्थानाची पाटी असायची. संस्थानं विलीन झाल्यावर त्यांना नवे नंबर मिळाले आणि आज मालकाच्या हातातल्या आर.सी. बुकात तीच नंतरची तारीख दिसते. अशा नोंदीवर अडून बसलात तर १९३६ ची अस्सल गाडी पन्नासच्या दशकातल्या गटात जाऊन पडेल. उलट, मोटार वाहन कायदा १९८८ हा १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि एमएच-मालिका त्यानंतरची. त्यामुळे जुन्या गाडीवर एमएच नंबर असला तर तिची नोंद नंतर बदलली आहे एवढंच कळतं, वयाबद्दल काहीच नाही.

आमचा सल्ला स्पष्ट आहे: गट ठरवायला चेसिसच्या उत्पादनाची तारीख धरा, पासिंगची नको. नियमात या तीन ओळी जशाच्या तशा छापा:

“चेसिसचं उत्पादन ३१ डिसेंबर १९७० रोजी किंवा त्यापूर्वी पूर्ण झालेलं असावं. पुरावा देण्याची जबाबदारी मालकाची. शंका उरल्यास गाडी लगतच्या अलीकडच्या गटात धरली जाईल.”

तिसरी ओळ गाळू नका. निम्मे वाद तिथंच मिटतात, कारण ‘सिद्ध करून दाखवा मी खोटा आहे’ हा पवित्रा मग चालत नाही.

पक्की तारीख ठेवायची की सरकती, हेही आधीच ठरवा. लंडन-ब्रायटन रनला १ जानेवारी १९०५ पूर्वीचीच गाडी चालते. वर्षं उलटली तरी ती रेघ हलत नाही. फिवा या आंतरराष्ट्रीय महासंघाची अट सरकती आहे: किमान ३० वर्षं जुनी, ऐतिहासिकदृष्ट्या योग्य अवस्थेत जपलेली आणि रोजच्या वापरात नसलेली गाडी. त्यांचे आतले गट मात्र पक्क्या तारखांचे आहेत: १९०४ अखेरपर्यंत, मग १९१८, १९३०, १९४५, १९६० आणि १९७० अखेरपर्यंत. सरकती अट घेतलीत तर मारुती ८०० चा विचार करून ठेवा. पहिली गाडी १४ डिसेंबर १९८३ ला ग्राहकाच्या हाती पडली, म्हणजे तीस वर्षांच्या हिशेबानं सुरुवातीच्या मारुत्या कधीच पात्र झाल्या; पन्नासच्या हिशेबानं डिसेंबर २०३३ उजाडावं लागेल. दोन्ही निर्णय योग्यच आहेत, फक्त जानेवारीत एक आणि फेब्रुवारीत दुसरा असं करू नका.

सरकारी व्याख्या वेगळी ठेवा. जुलै २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे व्हिंटेज म्हणजे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेलं, मूळ रूपात जपलेलं आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेलं दुचाकी वा चारचाकी वाहन. अशा गाडीला ‘व्हीए’ अक्षरं असलेला नंबर मिळतो, नोंदणी दहा वर्षांची असते आणि रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मनाई आहे. ‘व्हीए’ पाटी असली तर गाडीनं पन्नाशी ओलांडली आहे हे मान्य करा. पण तुमच्या रॅलीतला गट ती पाटी सांगत नाही.

अर्ज आणि पेन्सिल प्रिंट

अर्जाची मुदत कार्यक्रमाच्या सहा आठवडे आधी संपवा. आर.सी., विमा आणि पीयूसीच्या प्रतींबरोबर चारही बाजूंचे फोटो, चेसिस प्लेटचा फोटो, फ्रेमवर पंच केलेल्या नंबराचा फोटो आणि इंजिन नंबराचा फोटो मागा. प्लेट आणि पंच केलेला नंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बहुतेक अर्जांत एकच फोटो दोनदा येतो, तो परत पाठवा.

आणि चेसिसची पेन्सिल प्रिंट मागाच. आरटीओच्या कामासाठी ती लागतेच, त्यामुळे कुठल्याही एजंटला आणि गॅरेजवाल्याला ती घेता येते. फोटोत उजेड हवा तसा पाडता येतो, ठशात ते जमत नाही. रॉकेलच्या फडक्यानं नंबर पुसून कोरडा करायचा, पातळ कागद टेपनं घट्ट ताणून लावायचा आणि टू-बी किंवा फोर-बी पेन्सिल आडवी धरून हलक्या हातानं एकाच दिशेनं फिरवायची. दाब जास्त दिला की सगळं काळं होतं. नंबराच्या दोन्ही बाजूंचा किमान दोन बोटं रुंद मोकळा पत्राही ठशात आला पाहिजे, कारण गोष्ट तिथंच असते. ग्राइंडर फिरला असेल तर कागदावर बारीक समांतर रेघा उमटतात. जुना आकडा घासून नवा मारला असेल तर नव्याच्या पोटात जुन्याची फिकट सावली दिसते. एखादाच आकडा बाकीच्यांपेक्षा खोल किंवा तिरका असेल तर तेवढ्यावरून निकाल देऊ नका, कारण हातानं पंच मारायच्या काळात आकडे तिरके पडतच. गंजलेला नंबर आरटीओच्या परवानगीनं पुन्हा मारलेलाही असू शकतो. मग त्या आदेशाची प्रत मागा.

नंबर वाचायचा कसा

पहिली चाळणी अगदी सोपी. नंबर सतरा अक्षर-आकड्यांचा असेल तर ती गाडी १९७० पूर्वीची असूच शकत नाही; ती पद्धत नंतर आली आणि अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली.

पुढची चाळणी कंपनीनुसार बदलते. ऑस्टिन, मॉरिस, एमजी यांच्या उत्पादन नोंदी ब्रिटिश मोटर म्युझियमकडे आहेत आणि चेसिस नंबरावरून ते बनल्याच्या तारखेचं प्रमाणपत्र देतात. जॅग्वारसाठी तसाच वेगळा ट्रस्ट आहे. युद्धपूर्व रोल्स-रॉइसची चेसिस कार्डं इंग्लंडमधल्या मालक-क्लबच्या संग्रहात आहेत. ही प्रमाणपत्रं यायला वेळ लागतो, म्हणून ती आणण्याची सूचना अर्जाच्याही आधी द्या. एमजी टीसीचे नंबर टीसी/०२५१ पासून सुरू होतात, कारण ॲबिंग्डनच्या कारखान्याचा फोन नंबर २५१ होता. त्याहून लहान नंबर समोर आला, तर प्लेट कुणीतरी नंतर बनवलेली आहे.

इंजिनच्या ओतकामावरची तारीख मदत करते, पण मदतच. शेवरलेच्या ब्लॉकवर महिन्याचं अक्षर, दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा असतो: ‘बी १४ ८’ म्हणजे १४ फेब्रुवारी, आणि वर्ष १९३८ की १९४८ ते कास्टिंग नंबरवरून ठरवायचं. इंजिन बदललं म्हणून गाडीचं वय बदलत नाही.

ज्या गाड्या हमखास चुकतात

सगळ्यात जास्त घोळ जीपचा. ‘दुसऱ्या महायुद्धातली’ म्हणून येणारी जीप पुष्कळदा महिंद्राची सीजे-३बी निघते. युद्धातली विलिज एमबी आणि फोर्ड जीपीडब्ल्यू १९४१ ते १९४५ मधल्या, ३बी १९५३ पासूनची. समोर उभं राहून पाहा: एमबीच्या पत्र्याच्या ग्रिलला नऊ उभ्या फटी, सीजेला सात. एमबीला मागं उघडणारं फळकूट नाही आणि स्टेपनी मागच्या पत्र्यावर. ३बीचं बॉनेट उंच, त्यामुळे जीप नाकाडी दिसते. पण ग्रिल आणि मागचा पत्रा बाजारात मिळतो, म्हणून खाली वाका. जीपीडब्ल्यूचा नंबर डाव्या फ्रेम-रेलच्या वरच्या बाजूला इंजिनाजवळ पंच केलेला असतो. एमबीची प्लेट त्याच रेलच्या आतल्या बाजूला पुढं रिव्हेट केलेली. डॅशवरच्या पितळी पाट्यांवर विश्वास ठेवू नका. नव्या कोऱ्या पाट्या विकत मिळतात, हवी ती तारीख त्यावर मारता येते.

अमेरिकन गाड्यांत १९४२ चा दावा आला की थांबा. तिथलं खासगी गाड्यांचं उत्पादन फेब्रुवारी १९४२ मध्ये बंद पडलं आणि १९४६ ला बहुतेक कंपन्यांनी तेच जुने साचे पुन्हा वापरले. आकार सारखाच, ग्रिल तेवढी वेगळी. इथं नंबरच बोलू दे.

फियाटमध्ये नावांचा गोंधळ होतो. डुक्कर फियाट म्हणजे पन्नासच्या दशकातली गोलसर मिलेचेंतो. तिच्यानंतरची ११०० डी, म्हणजे ‘डिलाइट’, कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून बनू लागली. तीच पुढं प्रेसिडेंट आणि मग पद्मिनी झाली आणि बॉडी फारशी न बदलता शतक संपेपर्यंत चालली. जुनी ग्रिल, जुने दिवे आणि दुरंगी रंग दिला की ऐंशीतली पद्मिनी सहज साठीतली ‘डिलाइट’ दिसते. अँबेसिडरचंही तेच. बॉनेटखाली इसुझूचं इंजिन दिसलं तर ते नव्वदच्या दशकातलं किंवा त्यानंतरचं, पण ते जुन्या गाडीत नंतर बसवलेलंही असू शकतं. निर्णय चेसिसवरूनच.

वरातीसाठी बनवलेल्या ‘व्हिंटेज’ गाड्या वेगळ्या काढा. जीप किंवा अँबेसिडरच्या चेसिसवर तीसच्या दशकासारखी बॉडी चढवलेली असते. आर.सी.वर मूळ वाहनाचं नाव असतं, तेवढं वाचलं तरी पुरे. कारागिराचं कौतुक करा, प्रवेश देऊ नका.

याउलट, युद्धपूर्व चेसिसवर इथल्याच कारागिरांनी त्या काळी किंवा नंतर चढवलेली बॉडी हा आपल्याकडचा खरा इतिहास आहे. तिला चेसिसच्या वर्षाच्या गटात घ्या आणि कार्डावर बॉडीचं वर्ष वेगळं लिहा. डॉज-प्लिमथमध्ये टॅक्सीच्या धंद्यासाठी पर्किन्सचं किंवा मॅटॅडोरचं डिझेल इंजिन बसवायची रीतच होती; अशा गाडीला गट द्या, बक्षिसाच्या स्पर्धेत मात्र नको. हे नियमात आधी छापलेलं असेल तरच चालेल.

आदल्या संध्याकाळची तपासणी

एका गाडीला दहा मिनिटं धरा. साठ गाड्या आणि तीन टेबलं म्हणजे तीन तास वीस मिनिटं, म्हणून दुपारी तीनला सुरू करा, नाहीतर शेवटच्या गाड्या अंधारात जातात. प्रत्येक टेबलावर बॅटरी, दांड्याचा छोटा आरसा, नायलॉनचा ब्रश, रॉकेलचं फडकं आणि अर्जाबरोबर आलेली पेन्सिल प्रिंट. पॉलिश पेपर टेबलावर ठेवूच नका. कुणीतरी उत्साहात नंबरावर घासतं आणि पुरावाच जातो. बॅटरी समोरून न मारता बाजूनं तिरकी धरा, पंचाची खोली सावलीत दिसते. गाडीला हात मालकच लावेल, तपासनीस नाही.

प्लेटला चकचकीत ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट असतील तर ती कधीतरी काढली गेली आहे. बहुधा रंगकामासाठीच. तेवढ्यावरून संशय घेऊ नका, फक्त फ्रेमवरचा नंबर नक्की पाहा.

तपासून झालं की गटाच्या रंगाचं स्टिकर काचेवर लावा. सकाळी गेटवरचे स्वयंसेवक फक्त स्टिकर पाहतील, कागद नाही. विनास्टिकर गाडीसाठी मैदानाची एक बाजू राखून ठेवा: पाहुण्यांच्या गाड्या, स्पर्धेबाहेर, नाश्ता सगळ्यांबरोबर. साताऱ्याहून पहाटे निघालेल्या माणसाला गेटवरून परत पाठवणं हा आयोजकांचा पराभव आहे. प्रमुख पाहुण्यांची गाडी अटीत बसत नसेल तर तिची जागाही तिथंच.

वादासाठी तिघांची समिती नेमा, त्यात एक जण क्लबबाहेरचा हवा. समितीतल्या कुणाची गाडी स्पर्धेत असेल तर तिचा निकाल इतरांनी द्यायचा, आणि अध्यक्षांची गाडी सगळ्यांत आधी तपासायची. निकाल दोन ओळींत लिहून द्या: कोणता नंबर पाहिला, कोणत्या कागदाशी जुळला नाही. ‘खोटी’, ‘बोगस’ हे शब्द लाउडस्पीकरवर तर नाहीच, कागदावरही नको. बऱ्याच मालकांनी गाडी वडिलांकडून किंवा दलालाकडून त्याच समजुतीनं घेतलेली असते.

कार्यक्रम झाल्यावर आर.सी.च्या प्रती नष्ट करा, पेन्सिल प्रिंट आणि दोन ओळींचा निकाल मात्र फाइलला लावून ठेवा. पुढच्या वर्षी तीच गाडी आली की जुना आणि नवा ठसा शेजारी ठेवायचे. जुळले तर दहा मिनिटांचं काम दोन मिनिटांत होतं.