घरी आणलेल्या कपड्यावर सिक्युरिटी टॅग राहून गेला आहे? या चुका टाळा

सणासुदीच्या गर्दीत घेतलेली साडी घरी येऊन उलगडावी आणि काठाच्या आतल्या बाजूला करड्या प्लास्टिकचा टणक टॅग तसाच दिसावा, हा अनुभव आता पुष्कळ घरांत येतो. कॅशियरने दहा कपड्यांचे टॅग काढले आणि अकरावा राहिला, एवढेच बहुधा घडलेले असते. चूक दुकानाची असते, पण कपड्याचे खरे नुकसान बहुतेक वेळा घरी पोचल्यानंतरच्या पहिल्या तासात, सुरी, पक्कड किंवा लायटर हातात घेतल्यामुळे होते. कपडा आपला असला तरी टॅग दुकानाचा असतो. तो पुन्हा पुन्हा वापरायचा असतो, आणि तो काढून देणे हे दुकानाचेच काम आहे. ही गोष्ट मनात पक्की असली की पुढच्या बहुतेक चुका आपोआप टळतात.

पहिली आणि सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे टॅग ओढून किंवा पिळून काढायचा प्रयत्न करणे. या टॅगचे दोन भाग असतात. एका भागातली पोलादी पिन कापडातून आरपार जाऊन दुसऱ्या भागात शिरते, आणि तिथे स्प्रिंगने दाबलेल्या छोट्या पोलादी गोळ्या त्या पिनेला धरून ठेवतात. रचनाच अशी असते, की पिन जितकी जोराने ओढावी तितकी गोळ्यांची पकड आवळत जाते. त्यामुळे जोर लावल्यावर आधी हार मानते ते कापड. जाड जीन्स कदाचित हा ताण सहन करील. पैठणीचे रेशीम करणार नाही. पिनेभोवतीचे धागे एकदा खेचले गेले की तिथे सुताची ओढ पडते, जरीकाम असेल तर जरीचा धागा दुमडतो, आणि पिनेचे जे बारीक छिद्र धागे हलक्या हाताने सारखे केल्यावर बहुधा मिटले असते, त्याची फाट होते. दुकानात पिन सरळ बाहेर येते, म्हणून तिथे ही इजा होत नाही.

काही टॅगमध्ये शाई असते, आणि ही गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. टॅगच्या एका भागावर पारदर्शक फुगवटा दिसत असेल आणि आत रंगीत द्रव असलेल्या बारीक काचेच्या नळ्या दिसत असतील, तर तो शाईचा टॅग समजावा. शाई दिसली नाही म्हणून ती नाहीच, असेही मानू नये. या टॅगचा हेतूच असा असतो, की जबरदस्तीने उघडल्यास नळी फुटावी आणि कपडा निकामी व्हावा. त्यासाठी शाई मुद्दाम न धुतली जाणारी निवडलेली असते. असा कपडा रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवला की शाई गोठते आणि मग टॅग निर्धास्तपणे तोडता येतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. घरच्या फ्रीझरचे तापमान साधारण उणे 18 अंश सेल्सिअस असते. पाणी त्या तापमानाला गोठते, पण शाई अल्कोहोलसारख्या द्रावकात केलेली असेल तर ती गोठण्याचा प्रश्नच येत नाही. इथेनॉल गोठायला उणे 114 अंश लागतात. टॅगमध्ये कोणती शाई आहे हे आपल्याला बाहेरून कळत नाही, आणि थंडीने ठिसूळ झालेले प्लास्टिक तोडताना काच फुटण्याचा धोका मात्र राहतोच.

शाई सांडलीच तर घासू नये आणि गरम पाणी किंवा इस्त्री लावू नये. घासल्याने डाग पसरतो आणि उष्णतेने तो पक्का होण्याची भीती असते. डागाखाली जुने पांढरे सुती कापड ठेवून वरून हलक्या हाताने टिपावे, डाग इतर घड्यांना लागणार नाही असा कपडा ठेवावा आणि ड्रायक्लीनरकडे देताना हा सिक्युरिटी टॅगच्या शाईचा डाग आहे असे स्पष्ट सांगावे. डाग पूर्ण जाईल याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

उष्णतेचा उपायही तितकाच घातक आहे. लायटरने प्लास्टिक वितळवताना त्याचा थेंब कपड्यावर पडला तर तो निघत नाही, आणि सिंथेटिक साडी तर पेटही घेऊ शकते. मऊ लेबल, म्हणजे टणक टॅगऐवजी वस्तूत चिकटवलेली किंवा शिवलेली पातळ पट्टी, निकामी करण्यासाठी वस्तू मायक्रोवेव्हमध्ये ठेवणे हा तर अपघाताला दिलेला आवतणाचा विडाच आहे; आतल्या धातूच्या पट्टीमुळे ठिणग्या उडतात. टॅगसह कपडा वॉशिंग मशीनमध्येही टाकू नये, कारण ड्रमवर आपटून टॅग फुटू शकतो आणि पिन इतर कपडे फाडते.

चुंबकाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे. अनेक टॅग दुकानात शक्तिशाली चुंबकाने उघडतात, हे खरे आहे. म्हणून एका टॅगसाठी तसला चुंबक मागवावा, असे मात्र नाही. सगळे टॅग चुंबकाने उघडत नाहीत, आणि ज्यांना चुंबक लागतो त्यांनाही फ्रिजवर लावायचा साधा चुंबक पुरत नाही. निओडिमियम या धातूचे मोठे, शक्तिशाली चुंबक बोटे चिमटून जखम करतात आणि पेसमेकर बसवलेल्या व्यक्तीच्या छातीजवळ आणणे धोक्याचे असते. घरात लहान मुले असतील तर असे छोटे चुंबकही नकोतच, कारण दोन चुंबक गिळले गेले तर ते आतड्याच्या दोन पदरांतून एकमेकांना ओढतात आणि शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते.

यानंतरची चूक हातांची नाही, मनाची आहे. टॅग घेऊन दुकानात परत गेलो तर चोर समजतील, या संकोचाने लोक जात नाहीत आणि घरीच तोडफोड करतात. वास्तविक चोरून नेलेला कपडा कोणी परत काउंटरवर आणत नाही, आणि हे दुकानातल्या माणसांना आपल्यापेक्षा अधिक चांगले माहीत असते. आत शिरताना गेटचा बझर वाजू शकतो. म्हणून दारातच सुरक्षारक्षकाला कपडा आणि बिल दाखवावे आणि टॅग राहून गेला आहे, असे एका वाक्यात सांगावे. गर्दीच्या वेळी जाण्यापेक्षा आधी फोन करून गेलेले बरे.

या सगळ्याचा आधार बिल आहे. थर्मल कागदावरची छपाई काही महिन्यांत फिकी पडते, म्हणून खरेदीच्या दिवशीच बिलाचा फोटो काढून ठेवावा. यूपीआयची नोंद उपयोगी पडते, पण तिच्यात फक्त दुकानाचे नाव, रक्कम आणि तारीख असते. कोणती वस्तू घेतली हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. बिल खरोखरच हरवले असेल, तर ज्या मोबाइल क्रमांकावर बिल केले होते तो क्रमांक सांगितल्यास बऱ्याच मोठ्या दुकानांना जुने बिल शोधता येते.

दुकान दूरच्या गावी असेल, तर त्याच ब्रँडच्या जवळच्या शाखेत जावे. भलत्याच दुकानात गेल्यास ते नकार देतील आणि तो नकार योग्यच आहे. वस्तू कोणाची हे त्यांना कळायला मार्ग नसतो, शिवाय त्यांचे यंत्र आपल्या टॅगला लागू पडेलच असे नाही. लग्नात आहेर म्हणून मिळालेल्या साडीवर किंवा परदेशातल्या नातेवाइकांनी आणलेल्या जॅकेटवर टॅग निघाला, तर बिल देणाऱ्याकडे असते. ते मागताना अवघडल्यासारखे होते, तरी टॅगचा फोटो पाठवून बिलाचा फोटो मागावा. दिलेली वस्तू वापरता यावी असे देणाऱ्यालाही वाटतेच. साडी फॉल-पिकोला टाकण्यापूर्वी किंवा ब्लाउज पीस कापण्यापूर्वी ती पूर्ण उलगडून पाहावी, कारण एकदा कात्री लागली की पिनेमुळे पडलेला दोष दाखवून बदलून मागणे कठीण होते. ड्रेसच्या सेटमध्ये आणि सुटात दोन टॅग असू शकतात, हेही ध्यानात ठेवावे.

कधी कधी टॅग दिसत नाही, पण नव्या बुटांनी किंवा पाकिटाने दर दुकानाच्या दारात बझर वाजतो. अशा वेळी गेट बिघडले असेल असे समजून सोडून देऊ नये. वस्तूत मऊ लेबल जिवंत राहिलेले असते. ही लेबले प्रामुख्याने 58 किलोहर्ट्झ किंवा 8.2 मेगाहर्ट्झ या ठरावीक वारंवारतांवर चालतात, त्यामुळे एका दुकानाचे लेबल दुसऱ्याच्या गेटलाही ओळखू येते. ज्या दुकानात वस्तू घेतली तिथे दुसऱ्या पद्धतीचे गेट असेल किंवा गेट बंद असेल, तर तिथे मात्र काहीच वाजत नाही. शोध घेताना बुटाच्या आतला सुटा तळवा उचलून पाहावा, पाकिटाचे कार्डाचे कप्पे आणि जॅकेटचे आतले खिसे चाचपावेत, कपड्याच्या बाजूच्या शिवणीतली लेबले उजेडात धरावीत. बोटाच्या दोन पेरांएवढी लांबट पांढरी पट्टी किंवा आत चौकोनी तारेची वेटोळी दिसणारा कागद सापडला, की तेच ते लेबल. शिवणीतल्या लेबलावर कात्रीचे चित्र असेल तर ते वापरण्यापूर्वी कापण्यासाठीच असते. फक्त धुलाईच्या सूचनांचे लेबल त्यासोबत कापले जाऊ देऊ नये.

बिल दाखवूनही दुकान टॅग काढायला टाळाटाळ करत असेल, किंवा काढताना कपडा फाटला आणि जबाबदारी झटकत असेल, तर वाद घालत बसू नये. टॅग जागेवर असतानाचे आणि नंतरचे फोटो, बिल आणि दुकानाला पाठवलेला लेखी संदेश एकत्र ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तिथे न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. दुकानाने मुळात बिलच दिले नसेल, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तीही अनुचित व्यापारी प्रथाच आहे आणि तक्रारीत तिचा वेगळा उल्लेख करावा.